मराठवाड्यातून मुंबईला आलात, तर बंदरकाठ पायी असा पाहा

नांदेड, परभणी, लातूर, जालन्याकडून मुंबईला येणारा माणूस बहुतेक वेळा काम घेऊन येतो. मंत्रालयातली फाइल असते, दवाखान्यातली तारीख असते, नाहीतर मुलाची परीक्षा. काम उरकलं की रात्रीची गाडी धरायची. मंत्रालयाच्या दारातून समुद्र चालत दहा मिनिटांच्या आत आहे, तरी वर्षानुवर्षं फेऱ्या मारूनही तो नीट न पाहिलेली माणसं आपल्याकडे खूप आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सकाळी गाडीतून उतरून रात्रीची परतीची गाडी धरेपर्यंत, साधारण साडेनऊ ते दहा किलोमीटरची ही पायवाट आहे. पण ती एका दमात चालायची नाही, दोन तुकड्यांत चालायची. बंदराची पूर्वेकडची बाजू सकाळी, खुल्या समुद्राची पश्चिमेकडची बाजू संध्याकाळी, आणि मधली दुपार सावलीत.

असं का, तर दक्षिण मुंबई ही समुद्रात घुसलेली एक अरुंद पट्टी आहे. तिच्या पूर्वेला बंदर आहे. तिथे जमिनीचा आडोसा असल्याने पाणी तुलनेने शांत राहतं, म्हणूनच गलबतं आणि जहाजं तिकडे वसली. पश्चिमेला अरबी समुद्र उघडा आहे. गेट वे पूर्वेकडे तोंड करून उभा आहे आणि मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे. दोन्हींमध्ये चालत अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. म्हणजे एकाच दिवसात सकाळचा समुद्र आणि मावळतीचा समुद्र, दोन्ही पायी गाठता येतात.

दिवस ठरवताना भिंतीवरचं पंचांग बघा

आपण नदी ओळखतो, धरण ओळखतो. जायकवाडीचे दरवाजे उघडायचे असले की गोदाकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. समुद्राचं पाणी मात्र रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि कुणी भोंगा वाजवत नाही. त्याचं वेळापत्रक चंद्रावर चालतं, म्हणून ते तिथीवरून काढता येतं. कोकणातली जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. दिवस ठरवायला तो पुरेसा आहे, पण पाण्याजवळ उतरायचं ठरवायला पुरेसा नाही. त्यासाठी भरती-ओहोटीचा छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता त्याच दिवशी बघावा.

किती पाणी चढणार हेही तिथीच सांगते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईत तेव्हा ओहोटी आणि भरतीमधला फरक चार मीटरच्या पुढे जातो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार बरीच कमी होते.

पहिल्यांदाच येत असाल तर आमचा आग्रह अष्टमी-नवमीचा आहे. संध्याकाळी सहा ते पावणेसातच्या दरम्यान मरीन ड्राइव्हला भिंतीपाशी भरलेलं पाणी मिळतं, आणि भांगाचे दिवस असल्याने त्याला जोर कमी असतो. लहान मुलांना घेऊन चौपाटीच्या वाळूवर खेळायचं असेल, तर उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस बरा. दुपारी बाराच्या पुढेमागे भरती होऊन जाते आणि संध्याकाळी वाळू लांबपर्यंत उघडी पडते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे जमेल, पण त्रासाचं. जून ते सप्टेंबर ही वाट पहिल्यांदा चालू नये. त्या काळात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. अशा दिवशी मरीन ड्राइव्हच्या भिंतीवरून लाट थेट फुटपाथवर येते आणि पोलीस माणसांना मागे सारतात. त्याच वेळी मोठा पाऊस लागला तर शहराचं पाणी समुद्रात उतरायला जागा राहत नाही आणि रस्ते तुंबतात. परतीची गाडी अशाच दिवशी चुकते.

घाम हा इथला खरा त्रास

बेचाळीस अंशात शेतात उभा राहणारा माणूस मुंबईच्या तेहतीस अंशांत तासाभरात गळून जातो आणि त्याला कारण कळत नाही. आपल्याकडची हवा कोरडी असते, घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंग गार करतो. इथे हवेतच ओल असल्याने घाम अंगावरच राहतो. तो वाहतो, पण गारवा देत नाही. मीठ-पाणी मात्र तेवढंच जातं. डोकं जड होणं, पोटऱ्यांत गोळे येणं, चिडचिड, ही त्याची पहिली लक्षणं.

म्हणून चालताना तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागली नसली तरी. सोबत एक लिटरची बाटली आणि जलसंजीवनीची दोन पाकिटं. पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावं. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलं तर मळमळ होते. कपडे सुती आणि सैल. टेरिकॉटचा शर्ट आपल्याकडे चालून जातो, इथे तो पाठीला चिकटतो आणि काखेत, मांड्यांत घासून कातडी सोलते. डोक्याला टोपी किंवा गमछा. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे दात वाजत असतात, म्हणून स्वेटर-शाल घेऊन लोक निघतात. गाडीपुरती ती ठीक आहे. इथे उतरल्यावर ती सामानात टाकून ठेवा.

पायात बूट असावेत, तळाला खाच असलेले आणि निदान महिनाभर वापरलेले. नवी चप्पल पाचव्या किलोमीटरला फोड आणते. कोल्हापुरी किंवा गुळगुळीत तळाची सँडल ओल्या दगडावर सरकते आणि बंदरकाठी ओला दगड सगळीकडे आहे.

शिदोरीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. हे दिवसभर टिकतं. दही मात्र आणू नका, इथल्या दमट हवेत ते दुपारपर्यंत आंबून फसफसतं. पाठीवरची पिशवी एकूण तीन किलोच्या आत राहिली पाहिजे. त्यात पाणी, शिदोरी, छोटा टॉवेल, ओळखपत्र, औषधं, आणि मोबाइल-पैशांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी.

स्टेशनवरचा पहिला तास

देवगिरी आणि लातूर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणून सोडतात. तिकीट काढतानाच गाडी सीएसएमटीपर्यंत जाते ना, हे पाहा. काही गाड्या दादरला किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, आणि तिथून दक्षिण मुंबईत यायला गर्दीच्या वेळी तास जातो. नंदीग्रामने परतणार असाल तर ती दुपारीच सुटते, म्हणजे मावळतीचा अर्धा भाग हुकणार. या वाटेसाठी परतीची गाडी रात्रीचीच हवी.

उतरल्यावर क्रम असा ठेवा. आधी तोंड धुणं, आंघोळ, कपडे बदलणं. प्रतीक्षालयात सोय होते. मग मोठं सामान क्लोक रूममध्ये. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीट व ओळखपत्र दोन्ही मागतात. म्हणून साखळीच्या बॅगेला लहान कुलूप घरूनच लावून आणा. बोचकं किंवा नुसती पिशवी असेल तर अडचण होते. मिळालेल्या पावतीचा फोटो काढून ठेवा. हे टाळून बॅगा घेऊन फिरायचा विचार करू नका. गेट वेच्या आवारात शिरताना सामानाची तपासणी होते आणि मोठ्या बॅगा घेऊन तिथे अडकायला होतं. शिवाय दमट हवेत दहा किलोचं ओझं म्हणजे दिवस वाया.

इमारत मात्र थांबून पाहावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ती उभी राहिली, आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्या अजिंठा-वेरूळला हा मान १९८३ मध्ये मिळाला. समोरच्या फुटपाथवरून, रस्त्याच्या पलीकडून ती पूर्ण दिसते.

सकाळचा तुकडा: स्टेशन ते गेट वे ते रेडिओ क्लब

लांब पल्ल्याच्या गाड्या आठ ते अठरा नंबरच्या फलाटांवर लागतात. तिथून लोकलच्या फलाटांच्या बाजूने दादाभाई नौरोजी मार्गाकडे बाहेर या. रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे आणि त्याला अनेक तोंडं आहेत. नवखा माणूस हमखास चुकीच्या तोंडातून वर येतो, म्हणून पायऱ्या चढण्याआधी वरची पाटी वाचा.

दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालायचं. इमारतींच्या खालून कमानींचा झाकलेला फुटपाथ आहे, ऊन लागत नाही. साधारण एक किलोमीटरवर हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक इथे आहे, शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मुंबईसह एक राज्य व्हावं म्हणून माणसांनी रक्त सांडलं, ते इथे. आपल्याकडून आलेल्या माणसाने इथे दोन मिनिटं उभं राहावंच.

पुढे महात्मा गांधी मार्गाने काळा घोडा, मग रीगल सिनेमाचा चौक. चौकातून डावीकडे छत्रपती शिवाजी महाराज मार्ग पकडला की पाच-सात मिनिटांत पाणी दिसतं. स्टेशनपासून इथवर अडीच किलोमीटरच्या आत, सावकाश चालून पाऊण तास. ज्येष्ठांना घेऊन आला असाल तर हा टप्पा टॅक्सीने करा. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, शोधत बसू नका. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने जाते. बसण्याआधी मीटर टाकायला सांगा.

गेट वे ऑफ इंडिया. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये इथे उतरले, त्याची आठवण म्हणून कमान बांधायचं ठरलं. ३१ मार्च १९१३ ला पायाभरणी, ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. उंची २६ मीटर. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. दगड पिवळसर बेसॉल्टचा आहे. आपल्या वेरूळचा काळा दगडही बेसॉल्टच. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तोही पाहा.

आता पाणी वाचायला शिका. इथे तो धडा सगळ्यात सोपा आहे.

पहिली खूण भिंतीवर. कठड्याच्या खालच्या दगडावर एक काळपट-हिरवा पट्टा दिसेल. पाणी रोज जिथवर चढतं तिथवर शेवाळ धरतं. पट्ट्याची वरची कड ही भरतीची रेघ. पाणी त्या रेघेच्या किती खाली आहे, यावरून भरती किती बाकी आहे ते कळतं. दुसरी खूण नांगरलेल्या बोटींची. नांगर टाकलेली बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. मुंबईचं बंदर दक्षिणेला समुद्रात उघडतं, म्हणून भरती दक्षिणेकडून आत येते. बोटींची तोंडं उजवीकडे, दक्षिणेला असतील तर पाणी चढतंय. डावीकडे फिरली असतील तर उतरतंय. वारा जोरात असेल तर ही खूण फसते. आणि तिसरी, वासाची. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा कुबट वास येतो. तो समुद्राचा नेहमीचा वास समजून मन खट्टू करू नका, भरतीला तो जातो.

चढण्याची गतीही सारखी नसते. सहा तासांचा हिशेब बाराव्या हिश्श्यांनी करतात. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाला चार मीटरची चढ धरली तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी चढतं. तासापूर्वी कोरडी असलेली पायरी आता गुडघाभर पाण्यात असते, ती अशी. बोटीच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उतरू नका. शेवाळावर पाय ठेवला की माणूस सावरायच्या आत बसतो, आणि त्याच्या पुढची पायरी पाण्याखाली असते.

इथे दोन-तीन गोष्टींत नवखे पैसे घालवतात. फोटो काढून देणारे गळ्यात कॅमेरा घेऊन येतात. काढायचाच असेल तर किती प्रती आणि एकूण किती रुपये, हे आधी बोलून घ्या, कारण नंतर प्रत्येक फोटोचे वेगळे मागितले जातात. बोटीचं तिकीट खिडकीवरच घ्या, रस्त्यात कुणी हातात कोंबलं तर नाही. घारापुरीची लेणी पाहायची इच्छा होईल, पण ती या दिवसात बसवू नका. बोटीला एका बाजूने साधारण तास लागतो, वर पायऱ्या चढायच्या असतात, आणि सोमवारी लेणी बंद असतात. तिच्यासाठी वेगळा दिवस द्या.

गेट वेकडे तोंड केल्यावर उजवीकडे, १९०३ च्या ताजमहाल हॉटेलच्या समोरून समुद्राला लागून रस्ता दक्षिणेला जातो. रामचंदानी मार्ग. रेडिओ क्लबपर्यंत सहाशे मीटरच्या आसपास. बंदरकाठचा सगळ्यात निवांत भाग हाच, आणि बहुतेक लोक गेट वेवरूनच परत फिरतात. सकाळी दहापर्यंत इमारतींमुळे सावलीची वाट पाहू नका, ऊन समोरून पूर्वेचं असतं. म्हणून नऊच्या आत इथे पोचलेलं बरं. कुठे काम सुरू असल्यास कड्यालगतचा भाग अडवलेला असतो, तिथे अडथळा ओलांडून जाऊ नये. नौदलाची गोदी जवळच आहे. गोदीचं फाटक, भिंत, पहारेकरी यांचे फोटो काढायचे नाहीत. जहाज दूर पाण्यात दिसतं म्हणून झूम करत बसणंही टाळा.

लवकर पोचलात आणि मासळीच्या वासाचं वावडं नसेल तर आणखी दीड किलोमीटर दक्षिणेला ससून डॉक आहे. १८७५ चा. पहाटेपासून मासळीचा लिलाव चालतो आणि आठनंतर जोर ओसरतो. फरशी कायम ओली, खाली बर्फ आणि मासळीचं पाणी. डोक्यावर टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांना वाट द्यायची, मधे उभं राहून फोटो काढायचे नाहीत. ही माणसं कामावर आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

दुपार सावलीत

अकरा ते चार चालायचं नाही. ही अट मोडली की संध्याकाळचा तुकडा होत नाही. माणसं दुपारी एकला मरीन ड्राइव्ह गाठतात, सावली नसलेल्या तापल्या कठड्यावर दहा मिनिटं बसतात आणि "काय आहे त्यात" म्हणून परत फिरतात.

काळा घोड्यापाशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, सव्वादहाला उघडतं. १९२२ मध्ये खुलं झालं आणि वास्तुरचनाकार गेट वेचेच, जॉर्ज विटेट. दोन-अडीच तास सहज जातात, आणि आवारात बसायला झाडांची सावली आहे. पैसे खर्चायचे नसतील तर शेजारी जहांगीर कलादालन आहे, १९५२ पासूनचं, प्रवेश फुकट. शिदोरी खाऊन घ्या. बूट-मोजे काढून अर्धा तास पाय मोकळे करा, मोजे वाळू द्या. ओल्या मोज्यावर पुन्हा बूट चढवला की फोड ठरलेला. मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या फुटपाथवर सलग दुकानं नाहीत आणि शौचालयं मोजकी आहेत, म्हणून बाटली इथेच भरून घ्या आणि इथूनच मोकळे होऊन निघा. बायकांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हे विसरू नये.

संध्याकाळचा तुकडा: मरीन ड्राइव्ह

सूर्यास्ताच्या दोन तास आधी निघा. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो, मेमध्ये सातच्या थोडा नंतर. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्याने नांदेडपेक्षा सूर्यास्त सुमारे अठरा मिनिटं उशिरा होतो, संभाजीनगरपेक्षा दहा. घरच्या अंदाजाने घाई करू नका.

रीगलच्या चौकातून मादाम कामा मार्गाने सरळ पश्चिमेला. वाटेत मंत्रालय. तिथून पुढे रस्ता संपतो तिथे समुद्र. दीड किलोमीटर. मरीन ड्राइव्हवर गाड्या वेगात असतात, सिग्नलचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका. आपल्या गावातल्यासारखा हात दाखवून रस्ता ओलांडता येत नाही.

समुद्राला लागल्यावर आधी डावीकडे वळा, एनसीपीए या नाट्यगृहापर्यंत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत. हा भाग उलट्या दिशेचा वाटतो, पण सूर्य पाण्यात बुडताना पाहायचा असेल तर तो इथूनच. किनारा धनुष्यासारखा वाकलेला आहे आणि उत्तरेच्या टोकाला मलबार हिल समुद्रात पुढे आलेली आहे. गिरगाव चौपाटीवरून पाहिलं तर बाराही महिने सूर्य या टेकडीमागे जातो. रस्त्याच्या मधल्या भागातून हिवाळ्यात तो पाण्यात मावळतो, उन्हाळ्याच्या शेवटी मात्र टेकडीकडे सरकतो. नरिमन पॉइंटच्या टोकावरून बहुतेक वर्षभर मोकळं पाणी मिळतं. चौपाटीला धावत जाऊन सूर्यास्त हुकवणारे रोज दिसतात.

कठड्यापलीकडे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे रचलेले आहेत. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. लाट त्यांच्या फटींत शिरून फुटते आणि तिचा जोर मरतो, भिंतीला मार कमी बसतो. ते याच कामासाठी आहेत, बसण्यासाठी नाहीत. वरून ते पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून तरुण पोरं फोटोसाठी उतरतात. प्रत्येक बाजू उतरती, खाली शेवाळ, मधल्या फटी माणूस जाईल एवढ्या खोल. पाय घसरून फटीत अडकला आणि पाणी चढत असलं, तर वरून हात देऊन काढता येत नाही. सोबतच्या मुलांना हे घरून निघतानाच सांगा, तिथे गेल्यावर ऐकत नाहीत.

दिवे लागले की उत्तरेकडे चालायला सुरुवात. एनसीपीए ते चौपाटी सव्वातीन किलोमीटर, तासभर. डावीकडे समुद्र, उजवीकडे गोलसर कोपऱ्यांच्या, आडव्या रेघांच्या इमारती. समुद्र हटवून भराव टाकलेल्या जमिनीवर १९३०-४० च्या काळात त्या उभ्या राहिल्या. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन इमारतींसह हा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा झाला. दमलात तर मधे दोन ठिकाणी वाट सोडता येते, चर्चगेटला आणि मरीन लाइन्सला. दोन्ही स्टेशनं समुद्रापासून जवळ आहेत. पुढे किनारी रस्त्याचा फाटा लागतो, तिथे बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर चालत शिरू नये. समुद्राकडचाच फुटपाथ धरून ठेवा.

गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. भेळ, कुल्फी खा, वाळूत बसा. पाण्यात मात्र घोट्यापुढे नाही. विहिरीत आणि गोदावरीच्या डोहात पोहणाऱ्याला इथे धीर येतो आणि तोच धोका आहे. विहिरीचं पाणी उभं असतं. इथे लाट येते त्याहून परतताना जास्त ओढते आणि पायाखालची वाळू सोबत नेते. पाणी पोहण्याइतकं स्वच्छही नाही. श्रावण-भाद्रपदात तर जेलीफिश आणि पाकट नावाचे चपटे मासे किनाऱ्याशी येतात. पाकटाच्या शेपटीचा काटा पायात शिरला तर जखम जळते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरून लगेच दवाखाना गाठावा.

परतीची गाडी

रात्रीच्या गाड्या नवाच्या आसपास निघतात, नेमकी वेळ आणि फलाट तिकिटावर व स्टेशनच्या फलकावर पाहा. चौपाटी साडेसातला सोडा. जवळचं स्टेशन चर्नी रोड. तिथून चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडा. त्या वेळी गर्दी उलट्या दिशेला, विरार-बोरिवलीकडे असते. लोकलचं तिकीट वेगळं काढायचं, लांबच्या गाडीचं तिकीट त्यात चालत नाही. डब्यावर तिरके पट्टे रंगवलेले असले तर तो पहिल्या वर्गाचा किंवा बायकांचा असू शकतो, पाटी वाचून चढा. दंडाचे प्रसंग इथेच येतात. चर्चगेटहून सीएसएमटी चालत वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर टॅक्सी. दुसरा मार्ग भुयारी मेट्रोचा: आत गिरगावात मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून काळबादेवी आणि मग सीएसएमटी, दोनच थांबे. जिने उतरण्या-चढण्यात दहा मिनिटं धरा.

क्लोक रूमला रांग असू शकते, म्हणून गाडीच्या तासभर आधी पोचलेलं बरं. दादाभाई नौरोजी मार्गाच्या दारापासून अठरा नंबरचा फलाट सामान घेऊन दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. डब्यात चढल्यावर बूट काढा, पाय गार पाण्याने धुऊन वरच्या बाजूला टेकवून ठेवा आणि उरलेलं जलसंजीवनीचं पाकीट मनमाड यायच्या आत संपवा.